न उमटणारीं अक्षरें

संगणकाच्या मूळ अमेरिकन वर्णमालेंत एकंदर १२८ स्थानें आहेत. त्यांपैकीं ९५ स्थानांवर रोमन लिपीचीं अक्षरें, अंक, विरामचिन्हें आणि दोन शब्दांमधील मोकळी जागा यांची योजना केलेली आहे. उरलेल्या ३३ स्थानांवर मात्र कोणतेंच अक्षर नाहीं. त्या स्थानांचे क्रमांक यंत्राकडे धाडले तर कागदावर कांहीं उमटत नाहीं, पडद्यावर कांहीं दिसत नाहीं. ही वर्णमाला १९६३ सालीं प्रथम प्रसिद्ध झाली तेव्हां यंत्राच्या स्मृतींतील एक एक कण मोलाचा होता. कोणत्या चिन्हाला आंत घ्यावें आणि कोणत्याला बाहेर ठेवावें याचा खल समित्यांत होत असे, आणि त्या पहिल्या आवृत्तींत तर इंग्रजीच्या लहान अक्षरांनाहि जागा मिळाली नव्हती. अशा काटकसरीच्या संसारांत घराची पाव जागा न दिसणाऱ्या कुटुंबियांना कां देऊन टाकली, हा प्रश्न कोणाहि विचारी मनुष्याला पडावा असा आहे.

याचें उत्तर संगणकाच्या इतिहासांत शोधूं गेल्यास हातीं लागत नाहीं. तें त्याच्या आधींच्या शंभर वर्षांत, तारेच्या आणि आगगाडीच्या इतिहासांत आहे. आणि तो इतिहास पाहण्यासाठीं न्यूयॉर्क-लंडनलाच गेलें पाहिजे असें नाहीं. मराठवाड्यांतील जालना हें ठिकाण त्यासाठीं पुरेसें आहे.

जालना हें पूर्वीं निजामाच्या राज्यांतील औरंगाबाद जिल्ह्याचें एक गांव. जिल्हा म्हणून तें १ मे १९८१ रोजीं वेगळें झालें. कुंडलिका नदीच्या कांठीं वसलेली ही जुनी पेठ. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण तिकडे अजून लोकांच्या तोंडीं आहे. १९०० च्या सुमारास मनमाडहून सिकंदराबादेकडे जाणारी हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे येथून सुरू झाली. मार्ग मीटर गेजचा आणि एकेरी. बदनापूर, जालना, परतूर अशीं स्थानकें एकामागून एक येतात, आणि दोन स्थानकांच्या मधल्या रुळांवर एका वेळीं एकच गाडी असली पाहिजे, हा एकेरी मार्गाचा पहिला व शेवटचा नियम. रुळांच्या कडेनें खांब, खांबांवर तार. गाडी दिसण्यापूर्वीं तिची वार्ता तारेवरून येते. किंबहुना ती वार्ता पोंचून तिला होकार मिळाल्यावांचून गाडी हलतच नाहीं.

या होकाराला रेल्वेच्या भाषेंत ‘लाइन क्लिअर’ म्हणतात. बदनापूरच्या स्टेशनमास्तरानें जालन्याच्या स्टेशनमास्तराला विचारावयाचें कीं मार्ग मोकळा आहे काय. जालन्यानें मोकळा आहे असें कळवावयाचें. मग गाडी सुटावयाची. ती सुटल्याचें कळवावयाचें. ती पोंचल्याचें उलट कळवावयाचें. प्रथम हें सर्व तारेच्या कडकट्टावर चाले. पुढें भारतीय रेल्वेंत ठोक्यांच्या घंटा आल्या आणि त्यांची एक ठराविक लिपि झाली. एक ठोका म्हणजे ‘इकडे लक्ष द्या’. दोन ठोके म्हणजे ‘मार्ग मोकळा आहे काय’. तीन म्हणजे ‘गाडी या टप्प्यांत शिरली’. चार म्हणजे ‘गाडी टप्प्याबाहेर आली’. पांच म्हणजे ‘मागची खूण रद्द’. आणि सहा ठोके म्हणजे ‘धोका, मार्गांत अडथळा’. आलेली खूण नुसती ऐकून चालत नाहीं. ती तशीच्या तशी परत वाजवून पोंच द्यावी लागते. जेथें तोंडी किंवा फोनवरून हमी द्यावयाची तेथें खासगी अंकांच्या तक्त्यांतील एक अंक सांगून ती पक्की करण्याचा प्रघात आहे, म्हणजे झोंपेच्या गुंगींत ‘हो’ म्हणून गेलेल्या मनुष्याच्या शब्दावर गाडी सुटूं नये.

या लिपींत एकहि अक्षर नाहीं ही गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. तीं सहा चिन्हें वाचावयाचीं नसून पाळावयाचीं आहेत. पांच ठोक्यांची खूण तर अधिकच विचार करण्यासारखी, कारण तिला स्वतःचा असा अर्थच नाहीं. तिचा अर्थ तिच्या आधींच्या खुणेवर अवलंबून असतो. ती खूण मार्गाविषयीं कांहींच सांगत नाहीं, केवळ मागच्या खुणेविषयीं सांगते. संगणकाच्या वर्णमालेंत २४ व्या क्रमांकावर ‘रद्द’ या नांवाचें एक न उमटणारें चिन्ह आहे. पांचव्यावर ‘विचारणा’ आहे. सहाव्यावर ‘पोंच’ आहे. एकविसाव्यावर ‘पोंच नाहीं’ आहे. एकेरी मार्गावर उभ्या असलेल्या स्टेशनमास्तराला या चौघांची ओळख करून देण्याची जरुरी पडली नसती.

आतां तारकचेरीकडे वळलें पाहिजे. भारतांत सामान्य जनतेसाठीं तार १८५५ सालीं खुली झाली. मोर्सच्या लिपींत आंखूड आणि लांब असे दोनच ध्वनि. त्यांच्या जुळणीनें अक्षरें व अंक होतात हें शाळेंतील मुलांनाहि ठाऊक असतें. परंतु तारमास्तराला शिकावें लागे त्यांत अक्षरांखेरीज आणखी कांहीं होतें. एक आंखूड, एक लांब आणि मग तीन आंखूड म्हणजे ‘थांबा’. लागोपाठ आठ आंखूड म्हणजे ‘चूक झाली, मागचा शब्द सोडून द्या’. आंखूड-लांब-आंखूड-लांब-आंखूड म्हणजे ‘संदेश संपला’. लांब-आंखूड-लांब म्हणजे ‘आतां आपण बोला’. या खुणा तारेच्या कागदावर कधींहि लिहिल्या जात नसत. जालन्याच्या एखाद्या अडत्याला मुंबईच्या कापसाचा भाव तारेनें आला, तर त्या कागदावर भाव असे, पाठविणाराचें नांव असे. पण मुंबईच्या तारमास्तराचा हात मध्येंच चुकला होता, त्यानें आठ टिंबें वाजवून शब्द पुन्हां दिला होता, आणि इकडच्यानें एकदां ‘थांबा’ म्हणून पेन्सिलीला टोंक केलें होतें, यांतलें कांहींहि त्या कागदावर उमटलेलें नसे. एकाच तारेवरून संदेशहि जाई आणि संदेशाविषयींचें बोलणेंहि जाई. यांतलें कोणतें लिहावयाचें आणि कोणतें पाळावयाचें हें ओळखणारा मनुष्य दुसऱ्या टोंकाला बसलेला असे. तो होता म्हणून काम अडत नव्हतें.

अडलें तें त्या मनुष्याला खुर्चीवरून उठविल्यावर.

फ्रान्सच्या तारखात्यांतील एमिल बोदो यानें १८७४ सालीं एका नव्या पद्धतीचें पेटंट घेतलें. मोर्सचीं अक्षरें कमीजास्त लांबीचीं असतात; तीं ओळखणें कानाला सोपें, यंत्राला अवघड. बोदोनें प्रत्येक अक्षराला अगदीं सारख्या लांबीचे पांच कण दिले. प्रत्येक कणांत प्रवाह आहे किंवा नाहीं, एवढाच प्रश्न. अशा पांच कणांच्या ३२ जुळण्या होतात, अधिक होत नाहींत. इंग्रजीचीं अक्षरेंच २६. त्यांत दहा अंक आणि विरामचिन्हें बसवावयाचीं म्हणजे बत्तीस घरें अपुरीं पडतात. यावर त्यानें काढलेली तोड अशी कीं दोन घरें दोन आज्ञांना द्यावीं: एक ‘येथून पुढें अक्षरें समजा’ आणि दुसरी ‘येथून पुढें अंक समजा’. म्हणजे दोन घरें खर्च करून बाकीच्या प्रत्येक घरांत दोन दोन बिऱ्हाडें ठेवतां आलीं. न उमटणाऱ्या अक्षरांवर झालेला खर्च हा उधळपट्टीचा नसून मिळकतीचा होता, हें येथें प्रथम दिसतें.

या मिळकतीबरोबर एक जोखीमहि आली. आज्ञेचें चिन्ह वाटेंत विजेच्या खरखरीनें बिघडलें तर त्यापुढील सर्व मजकूर चुकीच्या पंक्तींत जाऊन बसावयाचा. पुढें सर्वत्र रूढ झालेल्या टेलिप्रिंटरच्या लिपींत ४ आणि आर, ६ आणि वाय, ५ आणि टी हीं एकाच घरांत राहतात. कापसाचा भाव खंडीला ४६५ रुपये असा निघाला आणि अंकांची आज्ञा वाटेंत गळाली, तर पोंचावयाचें तें ‘आर वाय टी’. हें निदान निरर्थक दिसतें, म्हणून चूक कळते. परंतु अंकांपैकीं एखादाच कण बिघडून एका आंकड्याच्या जागीं दुसरा आंकडा आला, तर पाहणाराला कांहींच संशय येत नाहीं, आणि सौदा मात्र होऊन जातो. म्हणून संदेशाच्या शेवटीं त्यांतील सर्व अंक पुन्हां एकदां पाठविण्याची चाल टेलिप्रिंटरवर पडली. भारतांत मोठ्या शहरांमध्यें टेलिप्रिंटर आणि तेथून लहान गांवीं मोर्सचा कडकट्ट, असा तारेचा मिश्र प्रवास दीर्घकाळ चालला. मोर्समध्यें अंकांना स्वतंत्र खुणा असल्यामुळें ही विशिष्ट आपत्ति लहान गांवच्या तारमास्तरावर येत नसे. तो बिचारा वरून जें आलें तेंच पुढें देई.

न्यूझीलंडमध्यें जन्मलेला आणि वृत्तपत्राच्या धंद्यांत वावरलेला डोनाल्ड मरे यानें १९०१ च्या सुमारास बोदोच्या लिपीची फेरमांडणी केली. त्याचें यंत्र कागदी पट्टीला भोंकें पाडी आणि टंकलेखनयंत्रासारख्या साधनावर संदेश थेट छापी. येथें न उमटणाऱ्या अक्षरांचा दुसरा आणि अधिक मोठा कुटुंबविस्तार झाला. टंकलेखनयंत्रावर बसलेला मनुष्य ओळ संपली कीं डाव्या हातानें दांडा ओढतो. त्यासरशी गाडा उजवीकडे परततो आणि कागद एक ओळ वर सरकतो. हा दांडा जबलपूरच्या यंत्रावर ओढावयाचा आणि ओढणारा मुंबईस, तर काय करावें? तारेवरून अक्षरांखेरीज दुसरें कांहीं जातच नाहीं. तेव्हां दांडा ओढण्याच्या क्रियेलाच एक अक्षर करावें लागलें. त्यांतूनच ‘गाडा परत’ आणि ‘ओळ पुढें’ हीं दोन चिन्हें जन्मलीं.

हीं दोन वेगळीं कां, एकच कां नव्हे, असा प्रश्न आजहि विचारला जातो. एक कारण उघड आहे. गाडा परत आणून ओळ न बदलतां त्याच ओळीवर पुन्हां छापतां येतें, अक्षराखालीं रेघ ओढतां येते. उलट, गाडा न हलवितां कागद तेवढा वर सरकवितां येतो. दुसरें कारण यंत्राच्या जडपणाचें आहे. पन्नास कणांच्या वेगानें चालणाऱ्या टेलिप्रिंटरवर एका अक्षराला दीडशें सहस्रांश सेकंद लागत. तेवढ्या अवकाशांत जड गाडा ओळीच्या टोंकापासून आरंभापर्यंत येईलच असें नाहीं. पुढचें अक्षर तर तारेवरून येऊन ठेपतेंच. तारेला ‘जरा दम धर’ म्हणतां येत नाहीं. म्हणून आधीं ‘गाडा परत’ पाठवावयाचें आणि मग ‘ओळ पुढें’. दुसऱ्या चिन्हाला लागणारा वेळ हाच गाड्याला मिळालेला अवधि. १९६३ मध्यें निघालेल्या टेलिटाइप कंपनीच्या तेहतीस क्रमांकाच्या यंत्रावर सेकंदाला दहा अक्षरें जात. तेथेंहि हाच क्रम उपयोगीं पडे.

पुढें या पांच कणांच्या लिपीला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. तिच्या रचनेंत एक गोष्ट मार्मिक आहे. बत्तीसांतून सव्वीस अक्षरें वजा जातां सहा घरें उरतात, आणि तीं सहाच्या सहा न उमटणाऱ्यांना दिलेलीं आहेत: मोकळी जागा, गाडा परत, ओळ पुढें, अक्षरें समजा, अंक समजा, आणि एक अगदीं कोरें. शिवाय अंकांच्या पंक्तींतहि दोन बिऱ्हाडें अशाच मंडळींचीं. एक घंटेचें, तें आलें कीं पलीकडील यंत्राची घंटा वाजे. वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत रात्रपाळीचा उपसंपादक डुलक्या घेत असला आणि वृत्तसंस्थेकडून तांतडीची वार्ता आली कीं ही घंटा त्याला जागें करी. दुसरें ‘आपण कोण’ हें. हें चिन्ह पोंचतांच पलीकडील यंत्र कोणा मनुष्याची वाट न पाहतां आपलें नांव व ठिकाण स्वतः छापून पाठवी. रात्रीं कुलूपबंद कचेरींत एक यंत्र दुसऱ्याला नांव विचारतें आणि दुसरें तें सांगतें, हा प्रकार संगणकाच्या कितीतरी आधींचा आहे.

कागदी पट्टीनें आणखी दोन चिन्हें दिलीं. पट्टीवर भोंक पाडलें कीं तें बुजवितां येत नाहीं. चुकीचें अक्षर पडलें तर त्यावर उपाय एकच: त्या ओळींतील सर्वच्या सर्व भोंकें पाडून टाकावीं आणि असें पूर्ण भोंकलेलें चिन्ह दिसलें कीं यंत्रानें तें नसल्यासारखें ओलांडावें. संगणकाच्या वर्णमालेंत सात कण आहेत. सातहि भोंकें पाडलीं म्हणजे येणारा आंकडा १२७, आणि ‘खोडलें’ हें चिन्ह आजतागायत त्याच आंकड्यावर आहे. बाकीचीं बत्तीस न उमटणारीं अक्षरें आरंभीं एकत्र बसलेलीं असतांना हें तेहतिसावें एकटेंच टोंकाला कां, याचा उलगडा त्या भोंकांत होतो. उलट ज्या पट्टीवर एकहि भोंक नाहीं ती कोरी पट्टी म्हणजे शून्य क्रमांक. पट्टी यंत्रांत अडकविण्यासाठीं पुढें-मागें कोरा भाग सोडावा लागे. त्याचा अर्थ ‘कांहीं नाहीं’ असाच धरला पाहिजे, म्हणून ‘कांहीं नाहीं’ यालाहि एक स्थान द्यावें लागलें.

भारतांत ही पट्टी संगणकाशीं कशी जोडली गेली हें मुंबईंत पाहतां येतें. टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत आर. नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखालीं बांधलेला संगणक १९६० सालीं पूर्ण झाला आणि १९६२ मध्यें जवाहरलाल नेहरूंनीं त्याचें टिफ्रॅक असें नामकरण केलें. त्याचा एक शब्द चाळीस कणांचा. त्याला गणित सांगावयाचें तें छिद्रित कागदी पट्टीवरून. जगांतील बहुतेक संगणकांचीं दारें आरंभीं अशींच तारखात्याच्या सुतारांनीं बनविलेलीं होतीं, असें म्हटलें तर अतिशयोक्ति होणार नाहीं. वाचण्यासाठीं पट्टी, छापण्यासाठीं टेलिप्रिंटर. हीं साधनें तयार होतीं, पारखलेलीं होतीं, आणि स्वस्तहि होतीं. तेव्हां अमेरिकेंत १९६३ मध्यें समान वर्णमाला ठरली, १९६७ मध्यें ती सुधारून स्थिरावली, ती संगणकाची म्हणून आतां ओळखली जात असली, तरी तिच्या कर्त्यांच्या डोळ्यांपुढें जितका संगणक होता तितकीच तारहि होती. एकाच तारेवरून मजकूर आणि आज्ञा दोन्ही न्यावयाच्या असतील, तर दोन्ही एकाच वर्णमालेंत असल्या पाहिजेत. दुसरी तार घालणें हाच दुसरा मार्ग, आणि दुसरी तार घालणें म्हणजे काय खर्च हें रुळाशेजारचे खांब मोजणाऱ्या कोणालाहि समजतें.

त्या कर्त्यांनीं मांडणी मात्र फार शहाणपणानें केली. आज्ञाचिन्हें इतस्ततः न विखुरतां पहिल्या बत्तीस घरांत एकत्र बसविलीं. त्यामुळें सात कणांपैकीं वरचे दोन कण शून्य दिसले कीं ‘ही आज्ञा आहे, छापूं नये’ एवढें ओळखण्यास यंत्राला अगदीं साधी जोडणी पुरे. यांत संदेशाची चौकट सांगणारीं चिन्हें आहेत: मथळ्याचा आरंभ, मजकुराचा आरंभ, मजकुराचा शेवट, पाठवणी समाप्त. मोर्सवाल्याची ‘संदेश संपला’ ही खूण येथें नवा पोषाख करून आली आहे. पट्टी वाचणारें यंत्र दुरून चालू करण्याचें सतरावें आणि बंद करण्याचें एकोणिसावें चिन्ह आहे. जुना ‘थांबा’ तो हाच. रॉबर्ट बेमर यानें आग्रहानें पुरस्कार केलेलें सत्ताविसावें चिन्ह तर फारच दूरदृष्टीचें. त्याचा अर्थ ‘यापुढील अक्षरें नेहमींच्या अर्थानें घेऊं नका’. म्हणजे बोदोची युक्ति अधिक व्यापक करून भविष्यासाठीं एक चोरदरवाजा ठेवून दिला. पुढें पडद्यावर रंग बदलणें, ठराविक जागीं मजकूर नेणें, असे कितीतरी व्यवहार त्याच दारानें झाले.

सगळींच घरें सत्कारणीं लागलीं असें मात्र नव्हे. माहितीच्या चार पायऱ्या वेगळ्या करण्यासाठीं चार विभाजक चिन्हें दिलीं होतीं. त्यांचा उपयोग जगानें जवळजवळ केलाच नाहीं. लोकांनीं त्याऐवजीं स्वल्पविराम घातला, आणि मजकुरांतच स्वल्पविराम आला म्हणजे काय करावें याची डोकेदुखी जन्मभराची करून घेतली. न दिसणारें साधन हाताशीं असून मनुष्य दिसणाऱ्यालाच धरतो, त्याला काय करणार! आणि गाडा गेला, कागद गेला, तरी ‘गाडा परत’ राहिलाच. कांहीं संगणक ओळीच्या शेवटीं दोन्ही चिन्हें लिहितात, कांहीं केवळ ‘ओळ पुढें’ लिहितात. एकाची वही दुसऱ्यानें उघडली कीं सर्व ओळी एकमेकींना चिकटलेल्या दिसाव्या, हा अनुभव पुष्कळांनीं घेतला आहे.

देवनागरीच्या वाट्याला हें सर्व आलें तें निराळ्याच बाजूनें. देवनागरी टंकलेखनयंत्रांत वरच्या-खालच्या मात्रांच्या कळी दाबल्या तर चिन्ह उमटतें पण गाडा पुढें सरकत नाहीं, म्हणजे अक्षर आणि गति यांची फारकत करण्याची जरूर येथें पहिल्यापासूनच होती. संगणकासाठीं भारतीय मानक संस्थेनें १९९१ सालीं जी वर्णसंहिता मान्य केली तिचें सूत्र असें होतें कीं ब्राह्मीपासून निघालेल्या लिपींची वर्णमाला मूलतः एकच. तेव्हां ‘क’ ला एकच आंकडा द्यावा, मग तो मराठींत देवनागरी दिसो, बंगालींत बंगाली दिसो. कोणत्या लिपींत दाखवावयाचा तें सांगण्यास एक न उमटणारें चिन्ह आधीं घालावयाचें. बोदोच्या ‘अक्षरें समजा, अंक समजा’ याचीच ही पणती! आणि जोखीमहि तीच. तें चिन्ह गळालें तर मराठी मजकूर परक्या लिपींत उभा राहावयाचा. याच संहितेंत एक ‘अदृश्य व्यंजन’ होतें. त्याचें काम एवढेंच कीं मात्रेला टेंकावयास कांहीं असावें. हलन्त तर अर्धें अक्षर आणि अर्धी आज्ञा: कधीं तो पाय मोडून दिसतो, कधीं दोन व्यंजनांना जोडून देऊन स्वतः नाहींसा होतो.

त्याच १९९१ सालीं प्रसिद्ध झालेल्या युनिकोड नांवाच्या जागतिक संहितेनें प्रत्येक लिपीला निराळीं घरें दिलीं, त्यामुळें लिपि बदलण्याच्या आज्ञेचें कारण उरलें नाहीं. परंतु न उमटणारीं अक्षरें गेलीं नाहींत. ‘जोडा’ आणि ‘जोडूं नका’ अशीं दोन शून्य रुंदीचीं चिन्हें देवनागरीच्या कामीं आलीं. मराठीला त्यांतील पहिल्याची गरज फार आहे. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरांतील खोल जागा. आचार्यांना म्हणजे गुरुजनांना, आणि आचाऱ्यांना म्हणजे स्वयंपाक्यांना. मानपानाच्या याद्या करतांना हा भेद विसरून चालत नाहीं. हा भेद दाखविणारा र चा तो आडवा अर्धा फांटा मराठीचा खास. हिंदीला त्याची उणीव भासत नाहीं. यंत्राला तो दोन रीतींनीं सांगतां येतो. एक, नुक्ता असलेल्या ऱ चें स्वतंत्र घर वापरून त्याचा पाय मोडावयाचा. दुसरी, साधा र, त्याचा हलन्त, आणि मागें ‘जोडा’ हें न उमटणारें चिन्ह. दोन्ही रीतींनीं पडद्यावर दिसतें तें एकच, आणि दोन्ही रीति मान्य आहेत. पण यंत्राच्या हिशेबीं ते दोन निराळे शब्द आहेत, आणि खुद्द संहितेचे नियमहि त्यांना समान मानीत नाहींत.

जालना जिल्ह्याचे आठ तालुके: जालना, बदनापूर, भोकरदन, जाफराबाद, परतूर, मंठा, अंबड आणि घनसावंगी. सातबारा, पीककर्ज, विमा, अनुदान यांचे कागद आतां या सर्व ठिकाणीं संगणकावर होतात, आणि त्यांत पदोपदीं येणारा शब्द म्हणजे ‘शेतकऱ्याचें’. शेतकऱ्याचें नांव, शेतकऱ्याचें गांव, शेतकऱ्याचें खातें. कुऱ्हाडे, कऱ्हाडे, गोऱ्हे अशीं आडनांवेंहि आलींच. एका कारकुनाच्या कळपाटानें हा शब्द पहिल्या रीतीनें लिहिला आणि दुसऱ्याच्या कळपाटानें दुसऱ्या रीतीनें, तर दोन्ही कागद शेजारीं ठेवून कितीहि न्याहाळले तरी कानामात्रेचा फरक दिसत नाहीं. शोध घेणाऱ्या आज्ञावलींत दोन्ही रूपें एक मानण्याची तजवीज कोणी केलेली असली तर काम सुरळीत होतें. नसली तर यादींत असलेलें नांव शोधल्यावर सांपडत नाहीं, आणि खिडकीशीं उभ्या असलेल्या मनुष्याला सांगण्यांत येतें कीं अशा नांवाची नोंद नाहीं.